बटव्यात पीस नव्हतं

“तू मेलीस,” काकू म्हणाल्या आणि पोह्यांची बशी माझ्यापुढे सरकवली.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. रविवारची दुपार होती. खालच्या द्वारका चौकातले हॉर्न काकूंच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होते. टेबलाभोवती आम्ही चौघं आणि पाचव्या काकू. सगळेच माझ्याकडे बघत होते, पण हसत कोणीच नव्हतं.

आमचा खेळ असा, की एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कोणी तलवारबाज, कोणी चोर, कोणी जादूगार. आपण काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की नाही ते फासे टाकून ठरवायचं. आमच्यात गोष्ट सांगायच्या त्या काकू. मी गेले आठ महिने दर रविवारी एक जादूगारीण होते. कॅनडा कॉर्नरच्या ऑफिसात आठवडाभर दुसऱ्यांच्या बंगल्यांची ड्रॉइंगं काढणाऱ्या मला त्या जादूगारणीचा किती आधार होता, हे सांगितलं तर लोक हसतील.

त्या दिवशी गोष्टीतला दोरखंडाचा पूल तुटला आणि मी दरीत पडले. मला काळजी नव्हती. हळू पडण्याचा मंत्र मला येत होता. मी म्हटलं, “मंत्र टाकते.”

“टाक की. बटवा उघड.”

मी बटवा उघडला. त्या मंत्राला एक पीस लागतं. ते मी मागच्या रविवारी दुसऱ्याला वाचवायला वापरलं होतं आणि नवीन आणायचं विसरले होते.

“काकू, तुमच्या गॅलरीत कावळ्याचं पीस पडलंय. आत्ता आणते.”

“गॅलरी इथं आहे. तू दरीत आहेस.”

“एवढ्याशा पिसासाठी?”

“बटव्यात नाही म्हणजे नाही,” काकू म्हणाल्या. आणि मग ते वाक्य. आणि मग पोहे. मी जिना उतरून रिक्षात बसेपर्यंत रडले नाही, एवढंच.

हा खेळ खेळणारे इतरही लोक मला त्या आठ महिन्यांत भेटले होते. मंत्राला साहित्य लागतं, असं नियमाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं हे त्यांनाही माहीत होतं. आगीच्या गोळ्याला वटवाघळाच्या लेंड्या आणि गंधक, कुणाला झोपवायचं तर चिमूटभर बारीक वाळू. पण हा नियम बहुतेक सगळे सोडून देतात. आहे जादूगाराकडे सगळं, असं धरून चालतात. हे मी काकूंना सांगितलं, तेव्हा त्यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

“धरून चालतात?” त्या म्हणाल्या. “म्हणजे कसं?”

काकूंनी तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत औषधं दिली होती. फार्मासिस्ट. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ लॉकडाऊन आला. भाचा बंगळुरूला जाताना त्याचे फासे आणि ते जाडजूड पुस्तक त्यांच्याकडे ठेवून गेला होता. काकूंनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं, कडेला पेन्सिलीने खुणा करत. साहित्याची यादी वाचून त्या थक्क झाल्या होत्या म्हणे. इतकी नीट यादी त्यांनी दवाखान्यातसुद्धा पाहिली नव्हती.

मग त्यांनी नियम आणखी कडक केला. नुसतं वहीत लिहून चालणार नाही, वस्तू खरी पाहिजे. जुन्या छत्रीच्या काळ्या कापडाचे त्यांनी चार बटवे शिवले. ओळखायला प्रत्येकावर लाल दोऱ्याने आकडा भरला. माझा तीन नंबर. आत पुड्या, पुडीवर काकूंचं ते कंपाउंडरी अक्षर. मंत्र टाकला की ती वस्तू बटव्यातून काकूंच्या लाकडी पेटीत. परत हवी असेल तर पुढच्या रविवारी आपली आपण आणायची. ऑफिसच्या जिन्याखाली मी काडीवर कोळ्याचं जाळं गुंडाळत बसलेली असताना वॉचमनने मला पाहिलं होतं. त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमच्यातला तलवारबाज दिंडोरीकडचा, घरची द्राक्षबाग. तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “काकू, गंधक लय हाय आमच्याकडं. भुरीचा रोग पडला की मारतोच ना वेलाला. पोतं आणू का?” काकू म्हणाल्या, “पाच ग्रॅम आण. वजन करून.”

‘असेल’ हा शब्द त्यांना सहन होत नसे. कोणी “डब्यात साखर असेल” म्हणालं, तर त्या उठून डबा उघडून बघत. एका लग्नात पंगतीला बसल्यावर त्यांनी पाण्याच्या बाटलीवरची तारीख वाचली आणि वाढप्याला बोलावून अख्खा खोका परत पाठवला. नवऱ्या मुलाचे वडील हात जोडत आले. काकूंनी त्यांनाही तारीख वाचून दाखवली.

एकदाच त्या बोलल्या होत्या. आम्ही निघालो होतो, चपला घालत होतो. दिंडोरीवाल्याने सहज विचारलं, की काकू, एवढं कशाला मनावर घेता. काकू पेटी बंद करत म्हणाल्या, “साप चावलेल्या माणसाला घेऊन आले होते. लस रजिस्टरात होती. फ्रिजमध्ये नव्हती.” आणि त्यांनी पेटीची कडी लावली. आम्ही कुठला दवाखाना, कोणता माणूस, असं विचारलं नाही. त्यानंतर साहित्याच्या नावाने कुरकुर करायची माझी सहसा हिंमत होत नसे.

पण मेल्याच्या त्या दिवशी मी रागात होते. काकूंनी खेळ संपल्यावर माझा तोच तीन नंबरचा बटवा पेटीतल्या वस्तूंनी नव्याने भरून हातात दिला. “नवीन माणूस तयार करून ये,” म्हणाल्या. मी तो जॅकेटच्या खिशात कोंबला आणि धडाधडा जिना उतरले. घरी गेल्यावर खिसा रिकामा. वाटलं, टेबलावरच राहिला.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर बटवा आणायला म्हणून गेले, तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ही गर्दी. वीस-पंचवीस माणसं, बायका जिन्यावर उभ्या. मधे एका स्टुलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर माझा बटवा. उलटा करून ओतलेला. कावळ्याचं पीस, कोळशाची पूड, गंधक, माशाचा काटा, मेणाचा तुकडा, दोऱ्याने बांधलेली केसांची बट. माझेच केस, एका मंत्रासाठी मीच कापून दिलेले.

रोज हाताळत असलेल्या त्या वस्तू मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या नजरेने पाहिल्या.

समोर दुसऱ्या मजल्यावरचे भाऊसाहेब उभे होते. मूळचे चांदवडकडचे, द्वारकेला ट्रान्सपोर्टचा धंदा, आठ-दहा टेंपो. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला अधूनमधून बरं नसतं, एवढंच बिल्डिंगला माहीत होतं. बटवा त्यांच्या उंबऱ्यापाशी सापडला होता. रविवारी संध्याकाळी. आणि सोमवारी मुलीला जोराचा झटका आला होता.

“दारात आणून टाकलंय,” भाऊसाहेब सगळ्यांना सांगत होते. “केस हायेत, हाड हाय. तीनचा आकडा हाय लाल दोऱ्याचा. आता अजून काय पुरावा पाहिजे?”

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आता. पोलिसात देता येतं.” आणि लगेच, जरा हळू, “पण ते हाताने उचलू नका कोणी.”

पुड्यांवरचं अक्षर कोणीतरी ओळखलं, म्हणून काकूंना खाली बोलावलं होतं. त्या एकट्या आल्या नाहीत, लाकडी पेटी घेऊन आल्या. स्टुलाशेजारी ती जमिनीवर ठेवून त्यांनी उघडली आणि एकेक पुडी वर काढून दाखवू लागल्या. “हे गंधक. द्राक्षावर मारतात तेच. ही वाळू, इथल्याच नदीवरची. हा माशाचा काटा, परवा कालवण केलं होतं. हा खेळ आहे. रविवारी मुलं येतात, आम्ही गोष्ट खेळतो.”

“खेळ?” एक बाई जिन्यावरून म्हणाली. “साठीला आलात काकू तुम्ही. कसला खेळ?”

काकूंनी सांगायचा प्रयत्न केला. फासे, गोष्ट, जादूगार, मंत्र. मंत्र शब्द निघाला आणि लोक दोन पावलं मागे सरकले. तेव्हा मला कळलं, की ही बाई करणी करते यावर या लोकांचा झटकन विश्वास बसलाय. ती खेळते, यावर काही केल्या बसणार नाही.

“ते सगळं राहू द्या,” भाऊसाहेब म्हणाले. “हे फडकं कोणाचं हाय, तेवढं सांगा.”

मी स्कूटरींच्या रांगेमागे उभी होते. तोंड उघडलं. माझ्याच केसांची बट तिथे पडली होती, आणि मी तोंड मिटलं. हे मी आज लिहितेय तेव्हाही मला स्वतःचं खरं वाटत नाही.

काकूंनी बटव्यावरचा आकडा वाचला. मान वर केली. मी त्यांना दिसले होते की नाही, देव जाणे.

“माझं आहे,” त्या म्हणाल्या. “पडलं असेल.”

‘असेल’ म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला.

काकू भाड्याने राहत होत्या. घरमालक पुण्याला. सेक्रेटरींनी तिथूनच त्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. पाच मिनिटांत ठरलं. महिनाअखेर घर रिकामं करायचं.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून दुपारी काकूंकडे गेले. त्या वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होत्या.

“काकू, तो बटवा माझा होता.”

“माहितीये. तीन नंबर.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?”

त्यांनी गुंडाळलेला कप खोक्यात ठेवला. “तू पंचवीस वर्षांची. उद्या तुझ्या ऑफिसात कळेल, परवा तुझ्या घरी. लग्नाचं बघतायत म्हणालीस ना मागे? मला चेटकीण म्हणाले, मी घर बदलीन. तुला म्हणाले, तर काय काय बदलशील?”

मला रडू आलं. त्या म्हणाल्या, “रडू नको, त्या बशा पुस.” मी बशा पुसत होते, तेवढ्यात बेल वाजली.

दारात भाऊसाहेब. चपला जिन्यातच काढलेल्या. आत आले आणि खुर्ची असताना जमिनीवर बसले. परवा पार्किंगमध्ये बोट नाचवणारा हा माणूस. त्यांनी काकूंपुढे हात जोडले.

“परवा बोललो ते विसरा. माझी चूक झाली. तुमच्यात ताकद हाय, हे मला कळलं. तुम्हीच आता पोरीचं काढा.”

“काय काढू?”

“जे लावलंय ते. काय लागंल ते आणून देतो. कोंबडं सांगा, बकरं सांगा. फक्त पोरीला मोकळं करा.”

मी पुसायचं फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. त्या माणसाने दोन दिवसांपूर्वी काकूंना घराबाहेर काढलं होतं, आणि आता तो त्यांच्या पायाशी बसून तीच गोष्ट मागत होता जिच्यासाठी त्याने त्यांना काढलं होतं.

काकूंचा आवाज दवाखान्याच्या खिडकीतला. “झटका कधीपासून येतो?”

“तीन वर्षं झाली.”

“गोळ्या?”

“होत्या ना. सकाळ-संध्याकाळ. पण एक बाबा हायेत, त्यांनी सांगितलं गोळी बंद करा, गोळीनं आतलं बाहेर येत नाय. महिना झाला, बंद केल्या.”

“एकदम बंद केल्या?” काकू ताडकन उठल्या. “एकदम?”

“हा.”

त्या पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी तांब्या ओट्यावर आपटला.

“काकू,” मी कुजबुजले, “म्हणा ना काहीतरी. दोन ओळी पुटपुटा आणि सांगा, की गोळी घेतली तरच मंत्र लागू पडतो. निदान गोळ्या तरी सुरू करतील.”

“आणि मग पुढच्या वेळी?” त्या माझ्याकडे वळल्या. “पुटपुटणं फुकट असतं. ते तो चालू ठेवील आणि गोळी सोडून देईल.”

बाहेर जाऊन त्यांनी भाऊसाहेबांच्या हातात पाणी दिलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. “भाऊसाहेब, माझ्याकडे कसलीही ताकद नाही. मी काही लावलं नाही, मला काही काढता येत नाही. मुलीला आज, आत्ता डॉक्टरकडे न्यायचं. मी येते बरोबर.”

भाऊसाहेब सावकाश उठले. “म्हणजे राग गेला नाय तुमचा अजून,” म्हणाले आणि गेले.

दहा मिनिटं झाली नसतील. खालून किंकाळी ऐकू आली, मुलीच्या आईची. काकू अनवाणी धावल्या. साठीची बाई दोन-दोन पायऱ्या गाळत कशी उतरली, मला कळलं नाही. मी दारात पोचले तर मुलगी हॉलमध्ये फरशीवर, अंग ताठ, मग हातपाय झाडत होती. तोंडातून फेस. आई फोडलेला कांदा तिच्या नाकाला लावत होती आणि भाऊसाहेब हातात चप्पल घेऊन दात उघडायला बघत होते.

“बाजूला व्हा!” काकू ओरडल्या. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. “कांदा फेका! तोंडात काही घालायचं नाही. काहीही नाही!”

त्यांनी टीपॉय लाथेने दूर सारला, पदर गोळा करून मुलीच्या डोक्याखाली घातला, तिला कुशीवर वळवलं आणि मला म्हणाल्या, “घड्याळ बघ. मोठ्यानं सांग.”

मी मोबाईल धरून सांगत राहिले. एक मिनिट. दीड मिनिट. दोन. खोलीत दुसरा आवाज नव्हता, फक्त मुलीच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. अडीच मिनिटांनी त्या थांबल्या. मुलीने मोठा श्वास घेतला आणि घोरल्यासारखी पडून राहिली. काकूंचा हात तिच्या पाठीवर होता. भाऊसाहेबांच्या हातातली चप्पल अजून तशीच.

“गोळ्यांची पाकिटं कुठेयत?” काकूंनी विचारलं. आईने फडताळातून काढून दिली. “गाडी काढा.” आणि भाऊसाहेबांनी काढली.

दवाखान्यात काकू संध्याकाळपर्यंत बसल्या. गोळ्या परत सुरू झाल्या. पुढचे तीन आठवडे त्या रोज सकाळी आणि संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर जायच्या, मुलीने गोळी गिळलेली डोळ्यांनी बघायच्या आणि वर यायच्या. झटका परत आला नाही. मला वाटलं, आता सोसायटी काही बोलेल. निदान सेक्रेटरी तरी येऊन भेटतील. कोणी आलं नाही. लोक काकूंना जिन्यात वाट द्यायला लागले होते, बस. खूप जास्त वाट.

महिनाअखेरीला काकू निघाल्या. सिन्नरला बहीण असते, तिच्याकडे. सामान न्यायला भाऊसाहेबांनी स्वतःचा टेंपो पाठवला, आणि आपणही खाली येऊन उभे राहिले. मुलगी त्यांच्या बाजूला. तिला मी पहिल्यांदाच उभी असलेली पाहत होते. उंच होती.

काकू ड्रायव्हरशेजारी चढत होत्या. भाऊसाहेब पुढे झाले आणि पुन्हा हात जोडले. डोळे भरलेले.

“उपकार झाले काकू. तुम्हीच लावलं होतं, पण तुम्हीच काढलंत. मनात काही ठेवू नका.”

काकूंचा एक पाय पायरीवर तसाच राहिला. साप चावलेल्या माणसाबद्दल बोलतानाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. मग त्या एवढंच म्हणाल्या, “गोळी चुकवू नका,” आणि आत बसल्या.

तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

“भाऊसाहेब, तो बटवा काकूंचा नव्हता,” मी म्हणाले. “माझा होता. केस माझे होते. जिन्यात माझ्या खिशातून पडला.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत. मग ते दोन पावलं मागे सरकले आणि हात आडवा करून त्यांनी मुलीला पाठीमागे घेतलं. टेंपोच्या खिडकीतून काकू हे बघत होत्या. ड्रायव्हरने गाडी चालू केली होती. मला वाटलं, आता इथे माझ्याभोवती कोणीही उभं राहणार नाही, आणि हे असंच होणार, हे काकूंना आधीपासून माहीत होतं.

मुलगी बापाच्या हाताखालून वाकून पुढे आली. भाऊसाहेबांनी तिला नावाने हाक मारली, दोनदा. काकूंची तुळशीची कुंडी खाली राहिली होती, ती तिने दोन्ही हातांनी उचलली, टेंपोत चढवली, हात झटकले आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.